घरातली शिकार

मुलांनो, मांजराला आपण वाघाची मावशी म्हणतो. हे नाते कोणी जोडले ते सांगता यावयाचे नाही. परंतु ज्याने जोडले, त्याने मांजराकडे नीट निरखून पाहिले असले पाहिजे. चुलीजवळ पाय पोटाशी घेऊन झोपलेले मांजर पाहून कोणाला वाघाची आठवण होत नाही. तेच मांजर अंगणात चिमणी उतरताच जमिनीसरपट होते, खांदे वर काढते, शेपटीचे टोक तेवढे हलविते आणि श्वास रोखल्यासारखे स्तब्ध राहते, तेव्हा मात्र मावशीचे नाते पटते. या पाठात आपणांस याच मावशीची एक अडचण समजावून घ्यावयाची आहे. आपल्या पणजोबांच्या काळी ही अडचण फारशी नव्हती. ती अलीकडची आहे आणि माणसाच्या बदललेल्या राहणीतून उत्पन्न झाली आहे.

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यात नरडाणा नावाचे गाव आहे. धुळ्याहून शिरपुराकडे जाणारा मुंबई-आग्रा महामार्ग येथून जातो. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील एक स्थानक येथे आहे. आणि गावालगत औद्योगिक वसाहत आहे. मालमोटारींची वर्दळ रात्रीही थांबत नाही. मांजराचे डोळे अंधुक उजेडासाठी घडलेले असतात. त्यांच्या मागील बाजूस आरशासारखा एक थर असतो. तो थोडासा प्रकाशही परतवून पुन्हा डोळ्यातील पडद्यावर टाकतो. म्हणूनच अंधारात मांजराचे डोळे चमकतात. रानात हे वरदान खरे. परंतु मोटारीच्या दिव्यांचा झोत अंगावर आला, की मांजर दिपून जागच्या जागी थबकते, आणि तेवढा क्षण घातास पुरेसा होतो. हा प्रसंग एकदा ज्यांच्या घरी घडला, ते पुढच्या मांजराला सहसा दाराबाहेर सोडीत नाहीत. त्यांचा हेतू चांगलाच असतो. प्रश्न उभा राहतो तो त्यानंतर.

पूर्वी खानदेशातील घरांत ज्वारी-बाजरीच्या कणग्या असत, माळ्यावर भुईमुगाच्या शेंगांची पोती असत, गोठ्याशेजारी कडब्याची गंजी असे. जेथे दाणा तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे मांजर. माणसाची आणि मांजराची गाठही याच कारणाने पडली. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करून धान्य साठवू लागला. त्या धान्यावर उंदीर आले, उंदरांमागे रानमांजरे आली आणि हळूहळू माणसाच्या वस्तीत रुळली. सायप्रस बेटावर एका माणसाच्या शेजारीच पुरलेला मांजराचा सांगाडा संशोधकांना सापडला. तो सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा आहे, असे २००४ साली प्रसिद्ध झाले. त्या बेटावर मुळात रानमांजरे नव्हती. म्हणजे कोणीतरी ती नावेत घालून समुद्रापार नेली असली पाहिजेत!

माणसाने बैल औतासाठी घडविला, घोडा स्वारीसाठी घडविला, कुत्रा राखणीसाठी व शिकारीसाठी नाना प्रकारांनी घडविला. मांजराला मात्र त्याने फारसे काही शिकविले नाही. उंदीर धरणे त्याला उपजतच येत होते, तेच त्याला करू दिले. त्यामुळे इतकी सहस्रके माणसाच्या घरात राहूनही मांजराचे शरीर व मन शिकाऱ्याचेच राहिले आहे. आता घरे सिमेंटची झाली, धान्य पत्र्याच्या कोठीत गेले आणि उंदीर कमी झाले. बाहेरचे दार महामार्गाने बंद केले, आतले काम कोठीने संपविले. मजुराची मजुरी गेली. पण मजूर कुदळ खांद्यावर घेऊन उभाच राहिला, अशी घरातल्या मांजराची स्थिती झाली.

आमच्या आळीतील एका घरी हे मी जवळून पाहिले आहे. घर दोन खोल्यांचे. वडील कारखान्यात पाळीवर जाणारे, आई शिवणकाम करणारी, एक वृद्ध आजी, आणि सातवीत शिकणारी एक मुलगी. त्यांचे पहिले मांजर रस्त्यावर गेले. पुढे पावसाळ्यात मुलीने एक भिजलेले पिलू घरी आणले आणि त्याचे नाव मनी ठेवले. मनीला उंबरठा ओलांडू द्यावयाचा नाही, असे सर्वांनी ठरविले. पहिले दोन-तीन महिने आनंदात गेले. मनी सात-आठ महिन्यांची झाली आणि घरात जणू वादळ शिरले. पहाटे चारच्या सुमारास ती या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धावे, फळीवरील भांडी पाडी, आईने शिवावयास घेतलेल्या कापडात नखे रुतवी. एके पहाटे पांघरुणाखाली आजीचा पाय हलला आणि मनीने त्यावर झेप घातली. आजीला मधुमेह. नखाची जखम चिघळली आणि महिनाभर भरून आली नाही.

वडील शांत स्वभावाचे, पण त्या दिवशी ते म्हणाले, “आता पुरे झाले. पोत्यात घालून तिला तापीच्या पुलापलीकडे सोडून येतो.” खेड्यापाड्यांतून ही रीत जुनी आहे. पोत्यातून सोडलेले मांजर नजरेआड होते, एवढाच तिचा अर्थ. घरात वाढलेल्या मांजराला परक्या मुलखात अन्न कोठे आहे, पाणी कोठे आहे, कुत्र्यांपासून लपावे कोठे, हे ठाऊक नसते. पाळलेल्या प्राण्याची उपासमार होईल अशा रीतीने त्याला विनाकारण टाकून देणे, हा १९६० साली झालेल्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. वडिलांना कायदा माहीत नव्हता. मुलीच्या डोळ्यांतले पाणी मात्र त्यांना दिसले, आणि त्यांनी पंधरा दिवसांची मुदत दिली.

मुलगी माझ्याकडे आली. “गुरुजी, आमची मनी पिसाळली आहे का हो?” हा तिचा पहिला प्रश्न. मी तिला म्हटले, “बाळ, एकदम निदान करू नये. चार दिवस वहीत लिहून काढ. मनी केव्हा झोपते, केव्हा उठते, काय खाते आणि दंगा नेमका कधी करते.” तिने नेटकी वही केली. तीवरून दिसले ते असे : मनी दुपारभर झोपे, दिवसाच्या चोवीस तासांपैकी निम्म्याहून अधिक वेळ तिचा झोपेत जाई. दंग्याच्या वेळा दोनच, पहाटेची आणि दिवेलागणीची. दोनदा वाटीभर दूधपोळी मिळे, ती दोन मिनिटांत संपे.

या वहीत रोगाचे एकही लक्षण नव्हते. मांजरे दिवसाकाठी बारा ते सोळा तास झोपतात आणि संधिप्रकाशाच्या वेळी सर्वांत चपळ असतात, कारण उंदीर व पाखरे याच वेळी हालचाल करतात. मोकळ्या मांजराला दिवसभरात अनेक लहान लहान शिकारी कराव्या लागतात, आणि त्यासाठी घातलेल्या झडपांपैकी पुष्कळशा वायाच जातात. दबा धरणे, सरपटणे, झेप घेणे, पंजात धरणे, चावणे, या श्रमांत त्याचा दिवस खर्ची पडतो. मनीला हे काहीच करावे लागत नव्हते. घरभर शोधूनही तिला पळणारी अशी एकच वस्तू सापडली होती. ती म्हणजे पांघरुणाखाली हलणारी आजीची पावले!

मुलीने प्रथम बाजारातून एक रबरी चेंडू आणला. पहिल्या दिवशी मनी त्यामागे वेड्यासारखी धावली, दुसऱ्या दिवशी थोडी धावली, तिसऱ्या दिवशी तिने चेंडूकडे ढुंकूनही पाहिले नाही. मुलगी हिरमुसली. परंतु यात मनीचा लहरीपणा नव्हता. इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठात जॉन ब्रॅडशॉ व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या खेळाचे प्रयोग केले, ते २००२ साली प्रसिद्ध झाले. तेच खेळणे पुन्हा पुन्हा पुढे ठेवले, की मांजराचा उत्साह ओसरतो. पण लगेच वेगळ्या रूपाचे खेळणे दिले, तर तो पुन्हा उसळी घेतो, असे त्यांना आढळले. शिकाऱ्याच्या दृष्टीने पाहा. कितीही चावले तरी जी वस्तू फाटत नाही, मरत नाही, बदलत नाही, तिच्यावर शक्ती का दवडावी? म्हणून खेळणी पुष्कळ असण्यापेक्षा ती आलटून पालटून देणे महत्त्वाचे. तीन ठेवावी पेटीत आणि एक बाहेर. दोन दिवसांनी अदलाबदल करावी. त्यासाठी पैसे लागत नाहीत.

मग आम्ही ज्वारीचा एक वाळलेला धांडा घेतला. त्याच्या टोकाला हातभर सुतळी बांधली आणि सुतळीला आजीच्या जुन्या लुगड्याची चिंधी व कोंबडीचे एक पीस घट्ट गुंडाळले. मुलीने ते पीस मनीच्या नाकापुढे नाचविले. मनीने तोंड फिरविले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मांजराची दृष्टी दूरची हालचाल टिपण्यात तीक्ष्ण असली, तरी एका वितीच्या आतील वस्तू त्याला स्पष्ट दिसत नाही. तेथे ते मिशांनी चाचपून काम भागविते. शिवाय कोणता उंदीर आपण होऊन मांजराच्या तोंडापुढे येऊन नाचतो? सावज पळते, लपते, थांबते, पुन्हा पळते. मुलीला हे सांगताच तिने काठी मागे घेतली आणि चिंधी जमिनीवरून हळूहळू ट्रंकेमागे ओढीत नेली. मनीचे कान उभे राहिले. चिंधी गोधडीखाली शिरली आणि आतून बारीक खसखस झाली. माणसाला दर सेकंदास सुमारे वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. मांजराला साठ हजारांच्याही पुढचा ऐकू येतो. उंदरांची चिंचिं पुष्कळदा त्याच पट्ट्यातली असते. गोधडीतील खसखस ऐकून मनी जमिनीला चिकटली, तिचा मागचा भाग डावीउजवीकडे डोलू लागला, आणि पुढच्याच क्षणी तिने अशी झेप घेतली, की आजी खाटेवरून “अगं बाई!” म्हणून हसली.

पहिल्या दिवशी तरीही एक चूक झालीच. मुलगी उत्साहाच्या भरात चिंधी हाती लागू देईना. खेळ संपला, काठी माळ्यावर गेली आणि मनी थकण्याऐवजी अधिकच चिडून आईच्या घोट्याला बिलगली. शिकार अर्धवट राहिली होती. खेळताना मांजराला सावज वारंवार सापडले पाहिजे. ते पंजात धरून, मागच्या पायांनी लाथाडून, दातांनी फाडण्याचा आनंद त्याला मिळाला पाहिजे. शेवटी तर ते नक्कीच सापडावे. खेळाची गती आरंभी मंद, मध्ये जलद आणि शेवटी पुन्हा मंद असावी, जणू उंदीर थकला आहे. शेवटच्या झेपेनंतर लगेच जेवण वाढावे. रानात शिकारीनंतर भक्षण, भक्षणानंतर अंग चाटून स्वच्छ करणे आणि मग निद्रा, असा क्रम असतो. तोच क्रम घरात राखला, तर झोप आपसुख येते. भिंतीवर विजेरीचा कवडसा पाडून मांजराला पळविणारी मुले मी पुष्कळ पाहिली आहेत. मला तो खेळ आवडत नाही. कवडसा कधीच हाती लागत नाही. मांजर धावून धावून शेवटी भिंत चाटीत बसते. एखाद्याला हौसच असेल, तर कवडसा अखेर खऱ्या खेळण्यावर किंवा खाऊवर नेऊन थांबवावा; आणि लाल किरणाची लेझर विजेरी तर डोळ्यांना अपायकारक असल्याने हाती न घेतलेलीच बरी.

रोज किती खेळावे, असे तुम्ही विचाराल. फार नव्हे. इंग्लंडच्याच नैर्ऋत्य भागात एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी २१९ घरांतील ३५५ मांजरांचा अभ्यास केला व तो २०२१ साली प्रसिद्ध केला. ही मांजरे बाहेर हिंडून शिकार करणारी होती. ज्यांच्याशी घरच्या माणसांनी रोज पाच ते दहा मिनिटे शिकारीसारखा खेळ खेळला, त्यांनी मारून घरी आणलेल्या प्राण्यांची संख्या शेकडा २५ने घटली. ज्यांना भरपूर मांसयुक्त अन्न दिले, त्यांच्या बाबतीत ती शेकडा ३६ने घटली. दहा मिनिटांच्या काठीच्या खेळाने पाखरांचा व उंदरांचा जीव वाचतो, याचा अर्थ मांजराला त्या खेळात शिकारीचे काही समाधान मिळते. दुसऱ्या आकड्यावरूनही एक गोष्ट शिकता येते. मांजर हे मांसाहारी जनावर आहे. टॉरिन नावाचा एक घटक त्याला अन्नातूनच मिळावा लागतो आणि तो मांस-मासळीत असतो. तो न मिळाल्यास डोळे व हृदय यांना इजा पोहोचते. नुसती दूधपोळी त्याला पुरत नाही, आणि मोठ्या झालेल्या पुष्कळ मांजरांना दूध पचतही नाही. मनीच्या घरी तेव्हापासून बिनमिठाचे उकडलेले कोंबडीचे तुकडे व थोडी मासळी येऊ लागली.

हे तुकडेही वाटीत न वाढता मुलगी कधी कधी लपवून ठेवी. पुठ्ठ्याच्या खोक्याला पंजा जाईल एवढी भोके पाडून आत तुकडा टाकावयाचा, की मनी पाव तास त्यातच गढून जाई. जोडीला आईने खिडकीला जाळी लावून तिच्यापाशी एक उंच फळी ठोकली. तेथून समोरच्या निंबावरील चिमण्या, खारी व व्हले दिसत. मांजराला उंचावरून पाहणे प्रिय असते. कापडात रुतणाऱ्या नखांसाठी वडिलांनी एका लाकडी खुंटावर काथ्या गुंडाळून दिला. ज्यांनी पोते शोधले होते, त्यांनीच काथ्या आणला, याचे मला विशेष वाटले.

सुतळी, दोरा, रबरी कडी, पतंगाचा मांजा यांविषयी मात्र जपले पाहिजे. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले काटे असतात. दोरा एकदा जिभेवर चढला, की तो बाहेर टाकता येत नाही, आतच जातो आणि आतड्यांत अडकून जीव घेऊ शकतो. म्हणून खेळ आटोपताच काठी उचलून बंद पेटीत ठेवावी. आईच्या शिवणकामाच्या सुया-दोऱ्यांनाही त्या दिवसापासून झाकणाचा डबा मिळाला. दुसरी गोष्ट, आपला हात किंवा पाय हे खेळणे कधीही करू नये. पिलाचे चावणे गोड वाटते. तेच पिलू मोठे झाल्यावर त्याला हात आणि उंदीर यांतील भेद कसा कळावा? मांजराचा दात किंवा नख लागून रक्त आले, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, लपवून न ठेवता घरच्या मोठ्या माणसांना सांगावे आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लसीविषयी विचारावे.

जाता जाता एका वनस्पतीचा उल्लेख करतो. पावसाळ्यात पडक्या भिंतींच्या कडेला खोकली नावाचे एक लहान झाड उगवते. तिच्या मुळाचा वास आला, की पुष्कळ मांजरे त्यावर गाल घासतात, लोळतात, कोलांट्या घेतात. पाश्चात्त्य देशांत कॅटनिप नावाच्या पुदिन्याच्या कुळातील झुडपाने मांजरांची अशीच अवस्था होते. जाणत्या माणसाने ओळख पटविल्यावाचून कोणतीही वनस्पती मांजरापुढे टाकू नये.

पंधरा दिवसांनी मुलीने वही पुन्हा आणून दाखविली. पहाटेची धावपळ मुळीच थांबली असे नव्हे; पण ती चारऐवजी सहाला होऊ लागली होती, आणि तोवर घर जागे झालेले असे. संध्याकाळी दिवे लागले, की आजी खाटेवर बसूनच धांडा हातात घेई. मुलीपेक्षाही आजीचा उंदीर अधिक हुशार होता. तो बराच वेळ दडून राही आणि मनीला नाना तऱ्हेने फसवी. उन्हाळ्यात खानदेशात पारा चाळिशीच्या वर जातो, तेव्हा दिवसा खेळ बंद ठेवावा लागे. रात्री फरशी निवल्यावर पाणी शिंपडून थोडेसे खेळत. मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले, की थांबावयाचे, हे आजीनेच ठरविले होते.

प्रत्येक अस्वस्थता खेळाने जाते असे मात्र समजू नये. मांजर एकाएकी खाणे सोडते, कोपऱ्यात दडून बसते, लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसूनही त्याला होत नाही, किंवा हात लावताच ओरडते, तेव्हा ते आजारी असते. त्याला खेळणे नको, पशुवैद्य हवा. वयात आलेली मांजरी रात्रभर आर्त स्वरात ओरडते, तिचेही कारण निराळे. तिची शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे तो त्रास थांबतो आणि नको असलेली पिलेही जन्मत नाहीत. मनीची शस्त्रक्रिया त्या वर्षी हिवाळ्यात झाली. टाके निघेपर्यंत तिला उड्या मारू द्यावयाच्या नव्हत्या, म्हणून ते दहा दिवस धांडा माळ्यावर होता.

स्वाध्याय

१. नरडाण्यातील काही घरांतून मांजराला बाहेर का सोडीत नाहीत?
२. ‘मजुराची मजुरी गेली, पण मजूर कुदळ खांद्यावर घेऊन उभाच राहिला.’ हे वाक्य मांजराला कसे लागू पडते ते स्पष्ट करा.
३. रबरी चेंडूचा मनीला कंटाळा का आला?
४. पुढील शब्द वाक्यांत योजा : दबा धरणे, ढुंकूनही न पाहणे, हिरमुसणे, आपसुख.
५. तुमच्या घरातील किंवा शेजारच्या एखाद्या प्राण्याचे चार दिवस निरीक्षण करा. तो केव्हा झोपतो, केव्हा खातो, केव्हा खेळतो, याची नोंद वहीत करा आणि तीवरून पंधरा ओळी लिहा.